ताटं कोणी घासली

माझ्या लेकीचं लग्न आमच्या घरामागच्या परसात झालं. ते तिनं आणि जावयांनी स्वतःच्या हातांनी केलं, निसर्गाला ओरखडाही न काढता केलं, असं आमच्या नात्यात आणि तिच्या ऑफिसात सगळीकडे बोललं जातं. अजूनही भाजीच्या दुकानात कुणीतरी मला थांबवून सांगतं, "काय सुंदर लग्न केलं हो पोरांनी!" मी हसते. हसताना माझे दात एकमेकांवर किती घट्ट बसलेले असतात, ते त्यांना दिसत नाही.

माझा राग झाडांवर नाही, हे आधीच सांगते. प्लास्टिक नको म्हणणाऱ्यांवर तर मुळीच नाही. कल्याण मंटपाच्या मागच्या दाराशी लग्नानंतर काय पडलेलं असतं, ते मी आयुष्यभर पाहत आले आहे. अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलचे हत्ती-मोर, आणि त्यांत तोंड घालणाऱ्या गाई. त्यामुळे लेकीनं जेव्हा सांगितलं की हॉल नको, आपल्या परसातच लग्न करायचं, तेव्हा घरात सगळ्यांत आधी मीच 'हो' म्हटलं. आमच्या ह्यांना ते पटायला वेळ लागला. "लोक म्हणतील, हॉल मिळाला नाही का?" असं ते दोन-चार दिवस म्हणत राहिले. त्यांची समजूतही मीच घातली.

जे. पी. नगरातलं आमचं घर आता चारी बाजूंनी उंच इमारतींत अडकलंय, पण मागं परस टिकून आहे. दोन नारळ, एक शेवगा, केळीचं बेट, कडीपत्ता, आणि नळाखाली कपडे धुवायचा दगड. आमची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडं कन्नड मुलखात आली. आमच्या मराठीत निम्मं कन्नड आहे, आणि त्याची मला लाज नाही. जावई पुण्याचे. महादेवपुऱ्याला लेकीच्याच कंपनीत नोकरीला. मुलगा चांगला आहे. त्याच्या आईनं पहिल्याच भेटीत मला म्हटलं होतं, "तुमचं मराठी किती गोड आहे हो, जुन्या काळातलं!" मी ते त्या वेळी कौतुक म्हणूनच घेतलं.

लग्नाचं ठरलं त्या दिवशी लेक जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "आई, आपण सगळं आपल्या हातांनी करायचं. इव्हेंटवाला नको, डेकोरेशनवाला नको."

"आणि जेवण?"

"ते आपल्या नेहमीच्या खानावळीतून येईल. पण वाढायचं स्टीलच्या ताटांत. अशी ताटं उसनी देणारे लोक आहेत. आणायची, वापरायची, स्वच्छ घासून परत करायची."

"केळीच्या पानांवर बसवू या की सगळ्यांना. आपल्याकडं तेच करतात."

"बुफे आहे आई. पान हातात धरून कसं फिरणार? आणि पान झालं तरी एकदा वापरून फेकायचंच ना?"

"सरी, बरं. मग ताटं घासणार कोण?"

"आपण!" ती म्हणाली, आणि तिनं मला मिठी मारली.

मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. आमच्या शेजारच्या अक्कांना मी हे कितीदा समजावून सांगितलंय. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत. पुढच्या काही महिन्यांत मला कळलं की काम पुढ्यात असेल तेव्हा माझी लेक 'आपण' म्हणते.

पहिलं काम पत्रिकांचं. पत्रिका बाजारच्या कागदाच्या नकोत, जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून त्यात झेंडूचं आणि तुळशीचं बी घालून कागद घरीच बनवायचा. पाहुण्यांनी पत्रिका वाचून कुंडीत पेरायची. कल्पना मला आवडली, खरंच आवडली. एका रविवारी लेकीच्या आणि जावयांच्या ऑफिसातली मुलंमुली आली. गच्चीवर चादरी पसरल्या. त्यांनी माझ्या मिक्सरमध्ये भिजवलेला कागद फिरवला. मी उप्पीट केलं, कॉफी केली, पुन्हा कॉफी केली. दुपारपर्यंत मूठभर पत्रिका झाल्या, त्यांचे फोटो मात्र पत्रिकांपेक्षा जास्त झाले. मग सगळे "मजा आली काकू" म्हणून निघून गेले. मिक्सरची मोटर जळली होती. उरलेला लगदा मी आणि के. आर. पुरमहून आलेली माझी धाकटी बहीण चाळणीवर थापत बसलो. त्या दिवशीच नाही, त्यानंतरचे कित्येक दिवस. लेक संध्याकाळी ऑफिसातून यायची, वाळलेल्या पत्रिका हातात घेऊन म्हणायची, "वा! किती छान होतायत आपल्या!"

मग पताका. त्या माझ्या जुन्या सुती साड्या कापून. साड्या मी आनंदानं दिल्या, कपाटात पडूनच होत्या. पण त्रिकोण कापायचे, दुमडायचे, फितीवर शिवायचे, तर मशीन कुणाला चालवता येतं? मलाच. जावई एकदा मशीनवर बसले. सुई तुटली. सगळे खूप हसले, त्यांनी तुटलेल्या सुईचा फोटो काढला, आणि उठले. जिन्याखाली लिंबा-मोसंब्यांच्या साली गुळाच्या पाण्यात कुजत ठेवल्या होत्या, भांडी घासायला रसायन नको म्हणून. त्या बरण्यांची झाकणं रोज उघडून वायू सोडायचा असतो. लेक विसरायची. एक बरणी फुटून जिन्यापासून देवघरापर्यंत आंबूस पाणी पसरलं, तेव्हा फरशी कुणी पुसली, हे सांगायला हवं का?

आमचे हे काय करत होते? ते आल्यागेल्याला सांगत होते, "मुलीला जसं हवं तसं. माझा पूर्ण पाठिंबा आहे." पाठिंबा खुर्चीत बसून देता येतो, हा त्याचा मोठाच फायदा आहे.

एक गोष्ट मात्र लेकीनं अशी केली की माझी मान ताठ झाली. आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईंना ती स्वतः पत्रिका द्यायला गेली, आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही कामाला यायचं नाही. पाहुणी म्हणून यायचं. भांड्यांना हात लावलात तर बघा." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही ते योग्यच वाटलं. फक्त त्यानंतर कुणीच विचारलं नाही, की मग त्या दिवशी भांड्यांना हात कुणाचा लागणार.

लग्नाचा दिवस भर उन्हाळ्यातला. बोअरला पाणी कमी, आदल्या दिवशी टँकर मागवलेला. म्हणून ताटं धुतलेलं पाणीसुद्धा वाया घालवायचं नाही, बादल्यांनी नारळांना नेऊन घालायचं, असं ठरलं होतं. नळापाशी तीन टप मांडले होते. वर पुठ्ठ्याचा फलक, इंग्रजीत, सुंदर अक्षरांत, कडेनं वेलबुट्टी काढलेला : तुमचं ताट, तुमची जबाबदारी. ऑफिसातल्या मुलांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. "काकू, तुम्ही फक्त नवरीची आई म्हणून मिरवायचं," असं त्यांच्यातल्या एकीनं मला बजावलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला. नवी रेशमी साडी नेसले, केसांत मल्लिगेचा गजरा माळला.

अक्षता पडल्या तेव्हा मी सगळं विसरले. शेवग्याखाली माझ्याच साड्यांच्या पताका हलत होत्या, लेक पिवळ्या साडीत उभी होती, आणि अंतरपाट खाली झाल्यावर ती जावयांकडं बघून हसली. तेवढा वेळ माझा होता. त्यावर मी कुणाचं काही चालू देणार नाही.

मग जेवणं सुरू झाली. पहिल्या काही पाहुण्यांनी हौसेनं आपापली ताटं घासली. एकमेकांचे व्हिडिओ काढले. साली कुजवून केलेल्या पाण्याचा वास घेऊन "किती नॅचरल!" म्हणाले. त्यानंतरच्यांनी ताटं फलकाखाली ठेवली. त्यानंतरच्यांनी ठेवलेल्या ताटांवर ठेवली. बिसिबेळेचा भात उन्हात ताटांना चिकटून कडक होऊ लागला. पाळीवाली मुलं नवरा-नवरीबरोबर नाचत होती. आणि खानावळीचा माणूस माझ्याकडं येऊन म्हणाला, "अम्मा, ताटं संपली. रांग थांबलीये."

मी बहिणीकडं बघितलं. तिनं पदर खोचला. मीही खोचला, रेशमी साडीवर एक जुनं लुगडं गुंडाळलं, आणि आम्ही दोघी नळापाशी बसलो. शेजारच्या अक्का आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एनिदु? मदुवे मनेली नीवे पात्रे तोळीतिद्दीरा?" हे काय, लग्नघरात तुम्हीच भांडी घासताय? असं म्हणत त्याही बसल्या. कामाला येणाऱ्या बाई लांब बाकावर जरीची साडी नेसून जेवत होत्या. आम्हाला बघून त्या ताट बाजूला ठेवून उठू लागल्या. मी ओरडले, "बसा! जेवा तुम्ही!" त्या बसल्या, पण त्यांच्या घशाखाली घास उतरेना, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात शेवग्यापलीकडून आवाज आला, "फॅमिली फोटो! दोन्हीकडचे सगळे या!"

"आले, आले," मी म्हटलं. हात धुतले, लुगडं सोडलं, केस सावरले. तिथं पोचले तेव्हा सगळे पांगत होते. आमचे हे मधोमध उभे होते, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून.

"झाला का?" मी विचारलं.

"अगं, तू कुठं होतीस?" ते म्हणाले.

"नंतर एक घेऊ ना आई," लेक म्हणाली. तिला कुणीतरी ओढून नेलं.

मी परत नळापाशी आले, कारण रांग उभीच होती. बसते न बसते तोच माइकवर लेकीचा आवाज आला. ती इंग्रजीत बोलत होती. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, की एकही कामगार लावायचा नाही. पत्रिकेपासून पताकांपर्यंत सगळं आम्ही आमच्या हातांनी केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना इंग्रजी चांगलं समजतं. मी नारळाची शेंडी हातातल्या ताटावर अशी घासली की स्टीलवर चरे उठले.

आणि त्याच वेळी माझ्या डोक्यावर सावली पडली. वर बघितलं, तर जावयांचे मामा. पुण्याहून आलेले, सकाळी मुहूर्ताच्या आधी मी ज्यांच्या कपाळाला गंध लावलं होतं ते मामा.

"अम्मा," ते हिंदीत म्हणाले, "जल्दी करो ज़रा. प्लेट नहीं है उधर. कितना टाइम लगाती हो!"

मी उठले. हात कोपरापर्यंत ओले. मराठीत म्हटलं, "मी नवरीची आई आहे."

त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, मग ते हसले. "अरेरे! सॉरी हं. मला वाटलं कामवाली."

"कामवाली तिकडं बाकावर जेवतेय. आज ती पाहुणी आहे. आणि ती इथं असती, तर तिला असं बोलायचं असतं का?"

"अहो, इतकं काय मनाला लावून घेता? लग्नघर आहे."

"ताट हवंय ना तुम्हाला? हे घ्या. घासा." मी एक खरकटं ताट आणि शेंडी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी ते घेतलं नाही. हात मागं बांधून ते निघून गेले. थोड्या वेळानं विहीणबाई आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तो तसाच आहे हो. पण आजच्या दिवशी मूड नका घालवू कुणाचा." कुणाचा! माझा मूड हा कुणाचाच नव्हता वाटतं.

तेव्हा माझ्या आत काहीतरी शांत झालं. मी हात पुसले. स्वयंपाकघरातून विळा आणला, केळीच्या बेटातून तीन पानं कापली, दगडावर पाणी मारून स्वच्छ केली. मी, बहीण आणि अक्का, तिघी परसाच्या मधोमध जमिनीवर बसलो. खानावळीच्या माणसाला म्हटलं, "वाढा." त्यानं आधी कोशिंबीर वाढली, मग होळिगे, म्हणजे पुरणपोळी, वर तूप. आम्ही जेवायला लागलो. रांगेतले लोक रिकाम्या हातांनी बघत राहिले.

लेक धावत आली. "आई, ताटं?"

"संपली."

"मग?"

"मी जेवतेय."

ती माझ्या अगदी जवळ वाकली. तिच्या कपाळावर घाम होता. "आई, आज? आजच? सगळे बघतायत."

"बघू देत. सकाळपासून कुणी बघितलं नव्हतं."

"तुला त्रास होत होता, तर सांगायचं होतंस ना!"

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुझं उत्तर आठव."

ती सरळ उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते, रागानं की रडू येत होतं म्हणून, मला कळलं नाही. मीही त्या वेळी ते कळून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. तिनं वळून जावयांना हाक मारली. त्यांनी ढीग बघितला, माझ्याकडं बघितलं, फेटा काढून खुर्चीवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि नळापाशी बसले. मित्रांना दटावून बोलावलं. हे मी त्यांचं मानते. त्यांनी एक शब्दही न बोलता ताटं घासली.

पण फोटोवाला धावलाच. नवरदेव ताटं घासताना! सगळे गोळा झाले. विहीणबाई गहिवरल्या. आमचे हे म्हणाले, "जावई असावा तर असा!" मामांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आमचं जेवण उरकायच्या आत तो फोटो पुण्याला, बेळगावला, कुठं कुठं पोचला. आजही या लग्नाचा म्हणून जो फोटो लोक एकमेकांना दाखवतात, तो तोच आहे. जावयांनी घासली ती शेवटची काही ताटं. त्याआधीची कुणी घासली, हे त्या फोटोत नाही, आणि विचारायचं कुणाला सुचतही नाही.

पाहुणे गेल्यावर, रात्र व्हायच्या आत मी ह्यांना त्यांच्या खुर्चीतून उठवलं. उरलेल्या पातेल्यांपुढं बसवलं. ते कुरकुरले, पण बसले. त्यांना शेंडी कशी धरायची हेही ठाऊक नव्हतं. "स्वल्प जोर लावा," मी म्हटलं, आणि आत जाऊन आडवी झाले.

पुढं काही दिवसांनी जावयांचा फोन आला. घाबरत घाबरत म्हणाले, "आई, फॅमिली फोटोत तुम्ही नाही आहात, म्हणून वाईट वाटतंय. एक मित्र आहे, तो कॉम्प्युटरवर तुम्हाला त्यात बसवून देईल. कळणारसुद्धा नाही."

"नको," मी म्हटलं. "मी तिथं नव्हते. का नव्हते, ते त्या फोटोत राहू दे."

लेक बरेच दिवस आली नाही. फोन करायची, पण तोंडदेखला. मी तिला समजावायला गेले नाही. मग एका सकाळी ती एकटीच आली. मी परसात कपडे वाळत घालत होते. ती दगडावर बसली, पाय हलवत.

"आई, एक सांगू? मी तुला बघितलं होतं. नळापाशी बसलेली. फोटोच्या आधीच."

माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. "बघितलं होतंस?"

"हो. आणि मला वाटलं, तुला आवडतंय. तू नेहमी तशीच दिसतेस काम करताना."

हे ऐकून मला मामांपेक्षाही जास्त राग आला. मामांनी मला ओळखलं नव्हतं. हिनं ओळखलं होतं, आणि तरी माइक हातात घेऊन 'एकही कामगार नाही' म्हणाली होती.

"मला पताका शिवायला आवडल्या," मी म्हटलं. "पत्रिका थापायलाही आवडल्या. मावशीला विचार, आम्ही दोघी किती हसायचो. पण आवडलं म्हणजे ते केलंच नाही, असं होतं का गं? माइकवर आमची नावं घ्यायला किती वेळ लागला असता?"

तिचे पाय हलायचे थांबले. मग म्हणाली, "मला सुचलंच नाही. तेच जास्त वाईट आहे ना?"

"हो," मी म्हटलं. तिची सुटका करावी असं मला वाटलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं फोनवर काहीतरी लिहून सगळ्यांना पाठवलं. माझं, मावशीचं, अक्कांचं नाव घालून, कुणी काय केलं ते. लोकांनी त्याखाली हृदयं काढली. विहीणबाईंनी लिहिलं, "आया असतातच ग्रेट!" मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला. ग्रेट नको होतं मला. ताट हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या त्या सगळ्यांतल्या एकानं जरी, एकदा, माझ्या शेजारी उकिडवं बसून विसळायला हात लावला असता, तर मी हा सगळा राग त्याच दिवशी नारळाच्या मुळाशी ओतून दिला असता.

लेक आता दर काही दिवसांनी येते. आमचं बोलणं होतं, हसणंही होतं. मध्यंतरी ती म्हणाली, तिच्या ऑफिसातल्या एका मुलीला असंच लग्न करायचंय, आणि ती आमचं परस मागतेय. "देऊ या का आपण?" असं विचारताना ती मध्येच थांबली. मग म्हणाली, "तू देशील का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.